ऱ्होड आयलंड आणि धर्माचा रकाना

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यात छोटं राज्य. इतकं छोटं, की आपल्या गोव्यापेक्षाही लहान. वस्ती जेमतेम अकरा लाख (२०२० च्या जनगणनेत १० लाख ९७ हजार भरली). गाडी घेऊन निघालात तर तासाभरात राज्य संपतं आणि तुम्ही मॅसॅच्युसेट्स नाहीतर कनेक्टिकटमध्ये पोचलेले असता. आम्ही इथे राहतो म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न थंडीबद्दल असतो आणि दुसरा ठरलेला, "तिकडे आपले लोक किती गं?"

आता या 'आपले'चा अर्थ माणसागणिक बदलतो. मामीला मराठी लोक म्हणायचं असतं, काकांना भारतीय, आणि हल्ली बऱ्याच जणांना हिंदू. शेवटी एकदा म्हटलं, शोधून तरी बघू. शोधायला बसले आणि पहिल्याच पायरीवर गंमत कळली. अमेरिकेची जनगणना धर्म विचारतच नाही!

आपल्याला हे विचित्र वाटतं. आपल्याकडे इंग्रजांनी खानेसुमारी सुरू केली तेव्हापासून धर्माचा रकाना आहे आणि तो भरताना कोणी दोनदा विचारही करत नाही. इथे १९०६ ते १९३६ या काळात सरकार दर दहा वर्षांनी धर्मसंस्थांकडून त्यांची सभासदसंख्या मागवत असे, पण घरोघरी जाऊन नाही. १९५७ साली एका नमुना पाहणीत लोकांना थेट धर्म विचारून पाहिला, तर त्यावर आक्षेप आले आणि १९६० च्या जनगणनेत तो प्रश्न घातलाच नाही. पुढे १९७६ च्या कायद्यात लिहूनच टाकलं की धर्म सांगायची सक्ती कोणावरही करता येणार नाही. त्यामुळे आज जे आकडे मिळतात ते प्यूसारख्या खासगी संस्थांच्या पाहण्यांचे. प्यूच्या २०१४ च्या पाहणीत ऱ्होड आयलंडचे ४२ टक्के लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत होते. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा हे प्रमाण जास्त. २० टक्के लोक कुठल्याच धर्माचे नव्हते. हिंदूंचा आकडा इतका लहान की अशा पाहणीत तो जेमतेम दिसतो.

झालं, काकांना उत्तर मिळालं. पण मला तो ४२ चा आकडा स्वस्थ बसू देईना. कारण हे राज्य वसवलं ते पोपला ख्रिस्ताचा शत्रू मानणाऱ्या माणसाने! मग इथे कॅथलिक एवढे झाले कसे, आणि होऊ दिले कसे?

त्या माणसाचं नाव रॉजर विल्यम्स. १६३१ साली इंग्लंडहून बोस्टनला आलेला तरुण धर्मोपदेशक. बोस्टनचे प्युरिटन लोक स्वतः इंग्लंडमधल्या धार्मिक जाचाला कंटाळून आलेले, पण इथे आल्यावर त्यांनी आपल्याच पंथाचं राज्य केलं. विल्यम्सचं म्हणणं दोन ठिकाणी खटकलं. एक, ही जमीन मूळ रहिवाशांची आहे, इंग्लंडच्या राजाने ती कागदावर देऊन टाकली म्हणून आपली होत नाही. आणि दोन, माणसाने देवाची भक्ती कशी करावी यात न्यायाधीशाने पडायचं कारण नाही. ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याला पकडून जहाजावर चढवणार अशी कुणकुण लागल्यावर १६३६ च्या जानेवारीत तो बर्फातून निसटला. इथल्या जानेवारीत दारापासून गाडीपर्यंत जाताना माझी काय अवस्था होते ते आठवलं की या प्रवासाची कल्पनाही करवत नाही. मूळ रहिवाशांनी त्याला आसरा दिला. नॅरागान्सेट जमातीच्या कॅनॉनिकस आणि मियान्टोनोमी या प्रमुखांकडून जमीन घेऊन त्याने गाव वसवलं आणि नाव ठेवलं प्रॉव्हिडन्स, म्हणजे देवाची कृपा.

या गावाच्या पहिल्या करारात सह्या करणाऱ्यांनी एवढंच कबूल केलं होतं की बहुमताने ठरेल ते आम्ही पाळू, पण 'फक्त ऐहिक बाबतीत'. देवाचं नावसुद्धा त्यात नाही. १६३८ साली तर गंमतच झाली. जोशुआ व्हेरिन नावाचा गृहस्थ आपल्या बायकोला विल्यम्सच्या प्रार्थनासभेला जाऊ देईना. गावाने सभा भरवली आणि बायकोच्या सद्सद्विवेकाच्या आड आला म्हणून व्हेरिनचा मताधिकार काढून घेतला! सतराव्या शतकात, नवऱ्याने बायकोवर सत्ता गाजवायची हे सगळीकडे गृहीत असताना. अर्थात त्या बाईच्या पदरात फार काही पडलं नाही. नवरा तिला घेऊन मॅसॅच्युसेट्सला परत गेला.

विल्यम्स स्वतः काही 'सगळे धर्म सारखेच' म्हणणारा नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे सहिष्णुता म्हटलं की लगेच 'सगळ्या नद्या एकाच सागराला मिळतात' वर गाडी येते. विल्यम्सला बहुतेक नद्या चुकीच्या दिशेने चालल्यात असंच वाटत असे. १६३८ च्या सुमाराला त्याने अमेरिकेतलं पहिलं बाप्टिस्ट चर्च सुरू केलं आणि काही महिन्यांत तेही सोडलं. क्वेकर पंथाची मतं तर त्याला अजिबात सहन होत नसत. १६७२ साली, सत्तरीच्या आसपास असताना, क्वेकरांशी वाद घालायला हा माणूस प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टपर्यंत होडी वल्हवत गेला आणि नंतर त्यांच्याविरुद्ध जाडजूड पुस्तकही लिहिलं. पण याच क्वेकरांना हाकलून द्या असा शेजारच्या वसाहतींनी १६५७ मध्ये दबाव आणला, तेव्हा ऱ्होड आयलंडने साफ नकार दिला. इथून बोस्टनला गेलेल्या मेरी डायर या क्वेकर बाईला १६६० साली तिथे फाशी दिलं गेलं. ऱ्होड आयलंडमध्ये मात्र पुढे क्वेकर गव्हर्नर झाले. तुझं चुकतंय असं मी तुला दिवसभर सांगेन, पण तुझ्या अंगाला हात लावू देणार नाही, असा हा सगळा प्रकार.

१६५५ सालच्या एका पत्रात त्याने जहाजाचं उदाहरण दिलंय. एका जहाजावर कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू, तुर्क सगळे प्रवासी आहेत. कोणालाही जहाजावरच्या प्रार्थनेला यायची सक्ती नाही, आणि स्वतःची प्रार्थना करायला आडकाठी नाही. पण जहाज कुठल्या दिशेने न्यायचं आणि डेकवर शिस्त कशी राखायची ते कप्तानच ठरवणार. १६६३ साली राजा दुसऱ्या चार्ल्सकडून वसाहतीला जी सनद मिळाली तिच्यात ही गोष्ट कायदेशीर झाली. धर्माबद्दलच्या मतभेदांवरून कोणाला त्रास दिला जाणार नाही, असं राजाच्या सहीशिक्क्याने.

इथवर वाचून वाटतं, वा! पण पुढचा इतिहास वाचताना मी जरा गप्पच झाले.

पहिली गोष्ट ज्यांनी आसरा दिला त्यांची. १६७५ च्या डिसेंबरमध्ये इतर वसाहतींच्या सैन्याने इथल्या दलदलीत नॅरागान्सेट लोकांच्या वस्तीवर हल्ला करून शेकडो माणसं मारली, त्यात बायका-मुलं पुष्कळ. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्स जाळलं. युद्धानंतर पकडलेल्या मूळ रहिवाशांना वेठीला विकण्याची व्यवस्था पाहणाऱ्या गावच्या समितीत म्हातारा विल्यम्स स्वतः होता.

दुसरी गोष्ट ज्यू लोकांची. न्यूपोर्ट बंदरात सतराव्या शतकापासून ज्यू व्यापारी आले. १६७७ मध्ये त्यांनी दफनभूमीसाठी जागा घेतली. प्रार्थनेला कोणी अडवलं नाही. पण १७१९ साली छापलेल्या कायद्यांच्या संग्रहात एक कलम दिसतं, की नागरिकत्वाचे पूर्ण हक्क ख्रिस्ती लोकांना, आणि त्यातूनही कॅथलिक वगळून. मूळ सनदेशी हे कलम सरळ विसंगत, तरी ते राहिलं. १७६२ साली एरन लोपेझ आणि आयझॅक एलिझर या दोघा न्यूपोर्टच्या व्यापाऱ्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. ब्रिटिश कायद्याने त्यांना तो हक्क होता. इथल्या न्यायालयाने तो नाकारला. लोपेझला नागरिकत्व मिळालं ते कुठे, तर मॅसॅच्युसेट्समध्ये! ज्या वसाहतीने विल्यम्सला हाकललं होतं तिथे. आणि त्याच न्यूपोर्टमध्ये पुढच्याच वर्षी, १७६३ च्या डिसेंबरात, सुंदर सिनेगॉगचं उद्घाटन झालं. आज ते टूरो सिनेगॉग म्हणून ओळखलं जातं, आणि अमेरिकेत उभं असलेलं सगळ्यात जुनं सिनेगॉग तेच. म्हणजे बघा, देऊळ बांधा, आम्ही कौतुकाने बघायला येऊ, पण मत मागू नका.

१७९० च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन न्यूपोर्टला आला, तेव्हा तिथल्या ज्यू मंडळींच्या वतीने मोझेस सेशस यांनी त्याला स्वागताचं पत्र दिलं. वॉशिंग्टनचं उत्तर प्रसिद्ध आहे. हे सरकार धर्मद्वेषाला थारा देणार नाही आणि छळाला मदत करणार नाही, असं त्यात आश्वासन आहे. पण ते शब्द मूळचे वॉशिंग्टनचे नाहीत, सेशस यांच्या पत्रातलेच त्याने परत केले. सहन करून घेतल्या जाणाऱ्या माणसाने आपल्याला काय हवंय ते नेमक्या शब्दांत लिहून दिलं आणि राष्ट्राध्यक्षाने खाली सही केली. हा प्रसंग मला फार आवडतो.

तिसरी गोष्ट, त्या ४२ टक्क्यांची. १७८० साली स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकनांच्या मदतीला फ्रेंच फौज न्यूपोर्टला उतरली. बहुतेक सगळे कॅथलिक. तोवर कॅथलिक म्हणजे शत्रू, आणि हे तर मित्र निघाले! १७८३ मध्ये कॅथलिकांना वगळणारे शब्द कायद्यातून निघाले. तेव्हा ते सोपं होतं, कारण इथे कॅथलिक राहत होतेच किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खरी परीक्षा पुढे होती.

१७९३ साली पॉटकेटला स्लेटरची सूतगिरणी सुरू झाली आणि ब्लॅकस्टोन नदीच्या काठाने गिरण्यांची रांग लागली. १८२० नंतर न्यूपोर्टचा फोर्ट ॲडम्स किल्ला आणि ब्लॅकस्टोन कालवा बांधायला आयरिश मजूर आले, दुष्काळानंतर आणखी आले. मग क्यूबेकहून फ्रेंच कॅनडियन, मग इटालियन, अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज. गिरणगावचीच गोष्ट. कोकणातून, घाटावरून माणसं परळ-लालबागला जशी आली तशीच. फरक एवढाच, की इथे येणाऱ्यांचा पंथ मालकांपेक्षा वेगळा होता.

त्यांच्या प्रार्थनेला सरकारने हात लावला नाही. मताला मात्र लावला. त्या १६६३ च्या सनदेवरच राज्य १८४३ पर्यंत चाललं होतं आणि जमीन असेल त्यालाच मत असा नियम होता. थॉमस डॉर नावाच्या वकिलाने याविरुद्ध चळवळ केली. १८४२ मध्ये राज्यात एकाच वेळी दोन गव्हर्नर झाले, शस्त्रागारावर हल्ल्याचा फसलेला प्रयत्न झाला, डॉर तुरुंगात गेला. त्यानंतर जी राज्यघटना आली तिने अमेरिकेत जन्मलेल्यांना जमिनीची अट सोडली, पण बाहेर जन्मून नागरिक झालेल्यांना १३४ डॉलरच्या स्थावर मालमत्तेची अट ठेवली. कलमात 'कॅथलिक' हा शब्द कुठेही नाही! पण ते कोणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती अट निघाली १८८८ साली. आणि शहर कौन्सिलच्या निवडणुकीसाठी मालमत्तेची अट राहिली ती १९२८ पर्यंत.

या मधल्या काळात, १९०५ साली, राज्याने स्वतःची जनगणना केली. तिच्यात धर्माचा रकाना होता. बेरीज झाली तेव्हा निम्म्याहून जास्त लोक कॅथलिक निघाले. अमेरिकेतलं पहिलं कॅथलिक बहुसंख्य राज्य! जेम्स हिगिन्स हा पहिला आयरिश कॅथलिक गव्हर्नर १९०७ मध्ये सूत्रं हाती घेतो, पण राज्याच्या सिनेटमध्ये छोट्या छोट्या खेड्यांनाही मोठ्या शहरांइतकंच वजन होतं, त्यामुळे खरी सत्ता जुन्या घराण्यांकडेच राहिली. ती हलली १९३५ साली. म्हणजे बहुमत झाल्यावरही तीस वर्षं. आकडा वाढला की सगळं आपोआप होतं असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणि तो आकडा तरी एकजिनसी होता का? वूनसॉकेट हे गिरणीचं गाव, बहुतेक वस्ती फ्रेंच बोलणारी. त्यांचं म्हणणं, भाषा गेली की श्रद्धाही जाते. प्रॉव्हिडन्सचे बिशप विल्यम हिकी यांना सगळ्यांचे निधी एकत्र करून मोठ्या कॅथलिक शाळा काढायच्या होत्या, ज्यात इंग्रजी चालणार. १९२४ पासून भांडण पेटलं. 'ला सेंटिनेल' या फ्रेंच वृत्तपत्राभोवती विरोधक जमले. त्यांनी चर्चला पैसे देणं थांबवलं, बिशपविरुद्ध दिवाणी कोर्टात गेले आणि हरले. १९२८ मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांना चर्चने बहिष्कृत केलं. कॅथलिकांनी कॅथलिकांना, कॅथलिक बहुसंख्य राज्यात!

हे वाचताना मला आमचा गणेशोत्सव आठवला. इथे तो एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होतो. आमची पोरं आरती म्हणतात ती इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या कागदावरून. दरवर्षी कोणीतरी सुचवतं की सगळे भारतीय मिळून एकच मोठा कार्यक्रम करूया, हिंदी-इंग्रजीत, म्हणजे मुलांना समजेल आणि गर्दीही दिसेल. आणि दरवर्षी कोणीतरी हट्टाने सुखकर्ता दुखहर्ता मराठीतच, सगळी कडवी, असं म्हणतं. मी त्या दुसऱ्या बाजूची. पण पहिल्या बाजूला मी मूर्ख म्हणणार नाही. बिशप हिकींनाही मुलं कॅथलिक राहावीत असंच वाटत होतं. पाहणीतल्या 'हिंदू' या एका आकड्यात आम्ही सगळे बसतो, पण त्या आकड्याला आमच्या आजीची आरती ठाऊक नसते.

बहुसंख्य झाल्यावर कॅथलिकांनी काय केलं, हाही प्रश्न आहेच. १९६९ साली राज्याने खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराला मदत देणारा कायदा केला. तेव्हा प्राथमिक वयाची पाव टक्के नव्हे, पाव हिस्सा मुलं खासगी शाळांत होती आणि त्यातली सुमारे ९५ टक्के कॅथलिक शाळांत. मदतीसाठी अर्ज करणारे सगळे शिक्षक कॅथलिक शाळांतलेच. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. १९८४ मध्ये पॉटकेटच्या नाताळच्या देखाव्यातल्या बाळ येशूला न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राहू दिलं. १९९२ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या सरकारी शाळेच्या समारंभात राबायने म्हटलेली प्रार्थना, तीही पाच विरुद्ध चार मतांनीच, घटनेत बसत नाही असं ठरवलं. एवढ्याशा राज्यातून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात धर्माचे तीन मोठे खटले! विल्यम्सच्या जहाजावर अजून भांडण चालू आहे, आणि मला वाटतं ते चालू आहे हेच बरं आहे.

तर काकांच्या प्रश्नाबद्दल. 'आपले किती' या प्रश्नामागे एक भीती असते, की थोडे असू तर आपलं काय होईल. ती भीती खोटी नाही. लोपेझला विचारा, आयरिश मजुरांना विचारा. पण इथला इतिहास वाचून मला वाटतं की नुसता आकडाही पुरत नाही आणि नुसती सनदही पुरत नाही. सनद असताना लोपेझला नकार मिळाला, बहुमत असताना कॅथलिकांना तीस वर्षं थांबावं लागलं. जे आधीपासून आत आहेत ते नंतर येणाऱ्याला मत देतात का, नोकरी देतात का, की फक्त प्रार्थनेपुरती जागा देतात, यावर सगळं ठरत गेलं. मी आता या देशाची नागरिक आहे, मत देते. म्हणजे मीही आतलीच झाले. माझ्यानंतर कोणकोण येतील, त्यांचे देव कुठले असतील, मला माहीत नाही. त्यांचा अर्ज नाकारणाऱ्यांत माझं मत असू नये, एवढं मी स्वतःपुरतं ठरवलंय.

असो. बरंच लांबलं. ती १६६३ ची मूळ सनद प्रॉव्हिडन्सच्या विधानभवनात ठेवलेली आहे आणि कोणालाही जाऊन बघता येते. पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्या मंडळींनी नायगारा आणि न्यूयॉर्कमधून एक दिवस शिल्लक ठेवावा. सकाळी सनद दाखवेन, दुपारी न्यूपोर्टचं सिनेगॉग, आणि संध्याकाळी घरी पिठलं-भाकरी.